साहेबांचं झाड

आमच्या मुलुंडच्या घरात सगळ्यांत जास्त मान कुणाला होता, तर एका रबर प्लँटला. त्याच्या खालोखाल टीव्हीला, मग अण्णांना, मग देवघरातल्या देवांना आणि उरलासुरला आम्हा बायकांना. हे झाड अण्णांच्या साहेबांनी वास्तुशांतीला पाठवलं होतं. स्वतः साहेब आले नव्हते, त्यांचा ड्रायव्हर आला होता, पण अण्णांनी त्या ड्रायव्हरलाही दोनदा वाढून बासुंदी खाऊ घातली. झाड माझ्या खांद्याइतकं उंच, पानं चांगली हातभर लांब, जाड, काळपट हिरवी. ते आलं होतं मातीच्या साध्या कुंडीत. साहेबांची वस्तू आणि मातीच्या कुंडीत, हे अण्णांना पाहवेना. त्यांनी माळ्यावरून आत्याच्या माहेरचं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच घरचं, अंघोळीच्या पाण्याचं पितळी घंगाळ काढलं, चिंचेने घासून घेतलं आणि झाड मातीसकट त्यात बसवलं. कुंडी फोडून टाकली. घंगाळाला खाली भोक नसतं, कारण अंघोळीचं पाणी साठवायला भोक असून चालत नाही, इतका साधा विचार आमच्या घरात कुणाच्याही मनाला शिवला नाही. उलट पाणी फरशीवर येत नाही म्हणून सगळे खूश होते. फरशी नवी होती, मोझॅइकची, आणि तिचीही घरात बरीच बडदास्त होती.

झाड बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी ठेवलं. तिथे ऊन येत नसे, कारण सोफ्याच्या कव्हरांचा रंग उडू नये म्हणून खिडकीचे पडदे दिवसभर ओढलेले असत. अण्णा ऑफिसला जाण्याआधी त्याला तांब्याभर पाणी घालत. मी त्यांना कधी आईला पेलाभर पाणी देताना पाहिलं नाही, पण या झाडापुढे ते टाय सावरून वाकत. पाहुणे यायचे असले की खोबरेल तेलाचा बोळा घेऊन एकेक पान चोपडत. पाहुणे म्हणत, "वा! काय तुकतुकीत आहे!" अण्णा म्हणत, "साहेबांनी दिलंय." मग दोन दिवसांत त्या तेलावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसे आणि पान पापडासारखं खरखरीत होई. ती धूळ पुसायचं काम अर्थात माझं. मी तेव्हा बारावी सायन्सला होते आणि अभ्यासाचं एकुलतं एक टेबल त्या झाडाच्या बाजूलाच होतं.

वास्तुशांतीला गावाहून आलेली आत्या परत गेलीच नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती आणि मुलुंडचे नळ तिला आवडले होते. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी ती उठे, आणि तिची पूजा सुरू झाली की आख्ख्या घराला घंटेच्या तालावर उठावं लागे. तिच्या हाताला मात्र चव होती. तिच्या हातची आंबोळी, कुळथाची पिठी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं यांची सर कशालाच नव्हती, हे कबूल करायला मला आजही जड जातं. तिचा एकच प्रश्न होता. देवांच्या अंघोळीचं पाणी टाकायचं कुठे? गावी ते तुळशीला जाई. आम्ही आधी राहायचो त्या लालबागच्या चाळीत खाली सगळ्यांची मिळून एक तुळस होती. मुलुंडला आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये लावलेली तुळस शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघून बघून वाळून गेली. देवाचं पाणी गटारात टाकणं म्हणजे महापाप. तेव्हा आत्याने डोकं लढवलं आणि रोज सकाळी ते पाणी रबर प्लँटच्या घंगाळात ओतायला सुरुवात केली. त्यात गंध असे, अक्षता असत, फुलांच्या पाकळ्या असत. सोमवारी अभिषेक असे, त्या दिवशी दूध, दही, मध, तूप आणि साखरही असे. अण्णांना हे पसंत पडलं. साहेबांच्या झाडाला तीर्थ मिळत होतं.

पहिलं पान पिवळं पडलं ते अगदी खालचं. मग त्याच्या वरचं. काही पानांवर काळपट तपकिरी डाग उठले, मधे ओलसर, कडेने पिवळं कडं. पान हाताला थंडगार आणि लिबलिबीत लागे आणि नुसतं पुसायला गेलं तरी देठापासून सुटून हातात येई. अण्णांचा चेहरा असा उतरला, जसा माझ्या तोंडी परीक्षेच्या मार्कांनीही कधी उतरला नव्हता. त्यातच ऑफिसातून बातमी आली की साहेब पुढच्या महिन्यात एका रविवारी जेवायला येतो म्हणालेत. झालं. अण्णांनी माझ्या रंगपेटीतला हिरवा पोस्टर कलर घेतला आणि चष्मा लावून डागांवर एकेक टिकली द्यायला बसले. पानांवर तेलाचा थर होता, त्यावर रंग धरेना. हिरवे ओघळ घंगाळावरून फरशीवर आले. दोन मुलांचे बाप, सरकारमान्य पदवीधर, झाडाला मेकअप करत होते आणि आम्ही कुणी हसायचं नव्हतं. माझा धाकटा भाऊ हसला, त्याने मार खाल्ला.

मग वरच्या मजल्यावरच्या पेंडशांना बोलावणं गेलं. पेंडसे रेल्वेतून रिटायर झाले होते आणि फावल्या वेळात होमिओपॅथी करत. फावला वेळ म्हणजे सगळाच. त्यांनी झाडासमोर खुर्ची घेतली, डायरी मांडीवर ठेवली आणि अण्णांना विचारायला लागले.

"पिवळेपणा खालून वर चढतोय की वरून खाली उतरतोय?"

"खालून वर," अण्णा म्हणाले.

"अस्सं. डाग ओले की कोरडे?"

"ओलेच म्हणायचे."

"त्रास सकाळी जास्त की संध्याकाळी? आणि याला गर्दी आवडते का? म्हणजे माणसांत राहिलं की बरं दिसतं की एकटं असलं की?"

"तसं... पाहुणे आले की बरं दिसतं," अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ते तेल लावत असल्यामुळे बरं दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मला आज वाटतं, पहिले दोन प्रश्न तसे नेमके होते. खालून चढणारा पिवळेपणा आणि ओले डाग, एवढ्या उत्तरावर एखाद्या शहाण्या माणसाने माती उकरून पाहिली असती. पेंडशांनी पुड्या दिल्या. साबुदाण्यापेक्षा बारीक पांढऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ घंगाळात टाकायच्या आणि झाडाजवळ कापूर किंवा कच्चा कांदा आणायचा नाही. त्या महिन्यात आमच्याकडे कोशिंबिरीत कांदा पडला नाही. झाड पिवळं होतच राहिलं. पेंडसे म्हणाले, "औषध लागू पडतंय. रोग आधी बाहेर येतो."

हल्ली माझी नात झाडाच्या पानाचा फोटो काढते आणि फोन तिला सांगतो काय झालंय ते. बऱ्याचदा तोही चुकीचं सांगतो. पण त्याची एक गोष्ट मला आवडते. घरात कोणती बाई कधी कुठे बसली होती, असं तो विचारत नाही.

आत्याने तेच विचारलं. एका दुपारी ती गळलेलं पान हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"ह्या झाडाक नजर नाय लागलेली," ती म्हणाली. "ह्येका इटाळ झालो हा. गावाक आमच्या परड्यात फुलझाडा होती. भायरली बाई बाजूसून गेली तरी सुकान जायत. चेडवा, खरां सांग, गेल्या म्हयन्यात तू ह्या झाडाक शिवलंस काय नाय?"

शिवले होते, पाळीच्या दिवसांतही. धूळ कोण पुसणार होतं? मी तसं म्हटलं. आत्याने पान माझ्या वहीवर ठेवलं आणि निकाल लागला.

लालबागच्या चाळीत आई महिन्याचे चार दिवस गॅलरीच्या टोकाला चटईवर बसत असे. ताट वेगळं, पेला वेगळा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस, दूधवाल्यापासून समोरच्या खोलीतल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत, आज वहिनींची पाळी आहे हे जाणून पुढे जाई. आई त्या चार दिवसांत मान वर करत नसे. मुलुंडचा ब्लॉक घ्यायचं ठरलं तेव्हा तिने आपले सगळे दागिने काढून दिले आणि एकच अट घातली, नव्या घरात हे चालणार नाही, तिच्या बाबतीतही नाही आणि माझ्याही नाही. अण्णांनी हो म्हटलं. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. पुढे कळलं की नव्या ब्लॉकला गॅलरीच नव्हती, म्हणून त्यांना सोपं गेलं होतं.

आत्याने जागा शोधून काढली. बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्या मधला पॅसेज, एक चटई मावेल एवढा. अण्णा म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. साहेब येऊन जाऊ देत. मग बघू." आईने तोंड उघडलं नाही. ती गप्प आहे म्हणजे तिला मान्य आहे, असं अण्णांनी धरून टाकलं. त्यांना सोयीचं असलेलं सगळं ते असंच धरून टाकत. त्या महिन्यात माझे दिवस आले तेव्हा मी पॅसेजमध्ये फिजिक्सचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले. बाथरूमची कडी उघडली की पाणी चटईखाली येई. भाऊ मला ओलांडून जाताना मुद्दाम भिंतीला चिकटून जाई, कारण त्याला तसं शिकवलं गेलं होतं. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि संताप झाडावर काढावा की माणसांवर हे ठरत नव्हतं.

पाचव्या दिवशी न्हाऊन मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी आईची विणायची सुई घेतली आणि घंगाळाच्या मातीत खोलवर खुपसली. ती लोण्यात गेल्यासारखी गेली. बाहेर काढली तर टोकाला काळा चिखल आणि असा वास, की मी खिडकी उघडली. नासलेलं दूध आणि मेलेला उंदीर यांच्या मधलं काहीतरी. मुळांना हवा लागते, पाण्याला वाट लागते, हे आम्हाला अकरावीत शिकवलं होतं, आणि मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, पण डोळ्यांसमोर असलेल्या झाडाला ते लावून पाहायला मला पॅसेजमध्ये बसावं लागलं. खालून पिवळं पडणं, ओले डाग, लिबलिबीत देठ, सगळ्याचा अर्थ एकच होता. मुळं कुजली होती. झाड तहानेने मरत नव्हतं, बुडून मरत होतं.

रात्री जेवताना मी ते सांगितलं.

"घंगाळाला भोक पाडायचं?" अण्णा ओरडले. "वेडी झालीस काय?"

"आणि देवाचं पाणी बंद करायला हवं. दूध-दही तर आधी."

आत्याचा घास हातात राहिला. "देवाच्या पाण्यान झाड मरता? ह्या तुज्या कॉलेजात शिकवतत? मग ता पाणी मी गटारात घालू?"

"माझ्यामुळे मरतं हे चालतं, देवामुळे मरतं हे चालत नाही?"

"तोंड बघ चेडवाचा!" आत्या म्हणाली, आणि अण्णांनी मला ताटावरून उठवलं. आई आमटी वाढत होती.

साहेब यायच्या आधीच्या रविवारी बाहेरच्या खोलीत सभा भरली. अण्णा, आत्या आणि पेंडसे. झाडावर आता वरची पाच-सहा पानं उरली होती. त्या दिवशी पॅसेजमध्ये बसायची पाळी आईची होती. मी पोळ्या करत होते आणि मला दोन्हीकडचं दिसत होतं. पेंडसे म्हणत होते, औषधाची ताकद वाढवू या. आत्या म्हणत होती, झाडावरून मिरच्या-मीठ उतरून टाकू या आणि चेडवाचं टेबल आतल्या खोलीत हलवू या, कायमचं. अण्णा म्हणाले, "टेबल हलवायला हरकत नाही. तिचे ते दिवस लक्षात ठेवत बसण्यापेक्षा ते बरं."

तेव्हा आई चटईवरून उठली. पदर कमरेला खोचला. माझ्या अंगावरून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, सरळ बाहेरच्या खोलीत गेली. पेंडसे सभ्यपणे खुर्चीतून अर्धवट उठले. आईने घंगाळाच्या काठावर एक पाय दाबून धरला, झाडाचं खोड दोन्ही हातांनी पकडलं आणि उपसलं. ते आलं तेव्हा भिजल्या गोधडीसारखा आवाज झाला. घंगाळ कलंडलं. सगळा काळा राडा मोझॅइकवर पसरला. त्यात सडलेल्या पाकळ्या होत्या, फुगलेल्या अक्षता होत्या, दह्याच्या गाठी होत्या, अण्णांचा हिरवा रंग होता आणि पेंडशांच्या काही गोळ्या अजून तशाच पांढऱ्या होत्या. वास असा सुटला की पेंडशांनी रुमाल काढला आणि "येतो मी," म्हणून ते जे गेले, ते पुन्हा आमच्याकडे डॉक्टर म्हणून आले नाहीत.

"शिवलंस गो सुमन!" आत्या किंचाळली. "झाडाक शिवलंस, घंगाळाक शिवलंस, घरभर केलंस!"

"शिवले, वन्सं," आई म्हणाली. "आज माझा दुसरा दिवस आहे. पेंडशांनाही ऐकू गेलं असेल. शुभा, तेलाचा रिकामा डबा आण, खिळा आणि हातोडी आण."

आम्ही दोघींनी डब्याला खालून भोकं पाडली. आईने विळीवर कुजलेली मुळं कापली. आत बोटाएवढंही धड मूळ नव्हतं, हात लावला की सालं सुटून येत. बिल्डिंगच्या मागून आणलेली कोरडी माती डब्यात भरून आम्ही उरलेला बुंधा त्यात रोवला आणि डबा खिडकीत ठेवून पडदे बाजूला सारले. सोफ्याच्या कव्हरांवर पहिल्यांदा ऊन आलं. अण्णा वर्तमानपत्राच्या मागे जाऊन बसले. आत्या दारात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरां तर. ह्या झाड जगला तर सुमनचा खरां. मेला तर माजा खरां, आणि मगे मी सांगान तसा ह्या घरात चालतला." अण्णा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "कबूल." आई फरशी पुसत होती.

त्यानंतरचे दिवस मी अभ्यास केला असं म्हणणं खोटं होईल. मी ते झाड पाहत बसे. सकाळी उठल्यावर आधी पानं मोजत नव्हते, पण कोणतं पान कुठे आहे हे पाठ झालं होतं. माझं बाहेरच्या खोलीतलं टेबल, माझे चार दिवस, आईचे पुढचे सगळे चार दिवस त्या पानांना टांगलेले होते. साहेब ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी आले. कोंबडी-वडे भरपूर जेवले. अण्णांनी मोठ्या धीराने खिडकीतल्या डब्याकडे बोट दाखवून झाडाबद्दल माफी मागितली. साहेब म्हणाले, "कुठलं झाड?" मग आठवून म्हणाले, "हां हां, ते! आमच्या मिसेसना ते घरातून काढायचं होतं, फार जागा अडवायचं." आणि बडीशेप घेतली. अण्णा "हो हो, बरोबर आहे," म्हणून हसले. मला वाटतं त्या हसण्यासाठी मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

झाड मेलं. माझं निदान अगदी बरोबर होतं आणि झाड तरीही मेलं, कारण बरोबर निदान वेळेवर झालं तरच त्याचा उपयोग असतो. शेवटचं पान पडलं, खोड वरून खाली सुरकुतलं, आणि मी नखाने साल खरवडली तर आत हिरवं काही नव्हतं. आत्याने तो बुंधा स्वतः उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "बघलंस? मी काय सांगलंय?" ती म्हणाली. मला नाही, आईला. आई तांदूळ निवडत होती.

त्याच आठवड्यात माझे दिवस आले. कुणीही मला काही सांगितलं नव्हतं. मीच जाऊन पॅसेजमध्ये चटई अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पैज हरली की हरली, एवढा न्याय मला कळत होता. संध्याकाळ होत आली होती. आई बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"तुला कुणी बसवलं इथे?"

"कुणी नाही. पण झाड मेलं ना."

"मेलं. कुजलेलंच होतं."

"पण अण्णा कबूल म्हणाले होते."

"ते म्हणाले होते. मी म्हटलं होतं का?" तिने माझ्या दंडाला धरून मला उठवलं. तिच्या हाताला कोथिंबिरीचा वास होता. "आणि ऐक. ते कुजलेलं नसतं, तुझ्या हाताने मेलं असतं, तुझ्या सावलीने मेलं असतं, अशी दहा झाडं मेली असती, तरी माझी मुलगी इथे बसणार नव्हती. झाड जगवायला बसवू तुला? ऊठ. तिन्हीसांजा झाल्या. देवापाशी दिवा लाव."

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. दिवा म्हणजे फारच झालं. पाणी, पोळ्या, टेबल हे सगळं एकीकडे आणि देवघर एकीकडे. आत्या देवघरापुढेच पाटावर बसली होती आणि तिने शब्दन्‌शब्द ऐकला होता. अण्णा बाहेरच्या खोलीत होते, तेही ऐकत होते, कारण टीव्हीचा आवाज बंद झाला होता.

मी गेले. आत्या उठली नाही. सरकलीही नाही. मला तिच्या गुडघ्याला वळसा घालून वाकावं लागलं. समईत तेल घातलं, काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. ती तळहाताच्या आडोशाने वातीपाशी नेली. आत्या माझ्या हाताकडे बघत होती, आणि मी वाट पाहत होते की आता ती ओरडेल, उठून जाईल, देव उचलून गावाची वाट धरेल. वात लागली. धूर करायला लागली.

"वात वर काढ गो," आत्या म्हणाली. "काजळी धरता."